हनुवटीखाली दोन बोटं

डाव्या हाताची दोन बोटं हनुवटीखाली, नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर, आणि बोटं हळूहळू एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे. आमच्या दैनिकाच्या जाहिरात विभागात ती बसायची, आणि दिवसातला बराच वेळ तिचं हे चालू असायचं. आमच्या मुख्य उपसंपादकांचं मत होतं की मुलगी विचारी आहे. एका बैठकीत त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. "बाकीचे बोलतात. ती विचार करते."

ती मान खाली घालून बसली. बैठक संपल्यावर जिन्यात मला म्हणाली, "मी काही विचार नव्हती करून राहिली, ताई. एक खुंट लागून राहिला होता."

तेव्हा आमची फारशी ओळख नव्हती. कसला खुंट, हे मला कळलं नाही.

तिची दुसरी सवय तुम्ही नागपूरचे असाल तर तुम्हाला जास्त चमत्कारिक वाटेल. मे महिन्यात या शहरात उन्हाबद्दल कोणी चांगलं बोलत नाही. ती बोलायची. शहराच्या कडेच्या वाडीहून मोपेडवर यायची, डोळे सोडून सगळा चेहरा पांढऱ्या दुपट्ट्यात गुंडाळलेला, आणि गाडी लावता लावता म्हणायची, "ऊन मस्त पडलं न आज?" चौकीदार तिच्याकडे बघत राहायचा. ऊन कमी झालं की तिचा आवाजही उतरायचा. हिवाळ्यातही दुपट्टा तसाच असायचा, पण तेव्हा लोक विचारायचे. मग ती ट्रकांच्या धुळीचं कारण सांगायची. वाडीत ट्रक आहेत आणि धूळही आहे, त्यामुळे कारण खोटं नव्हतं.

आमच्या इमारतीत चांगला उजेड एकाच ठिकाणी होता, दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या खिडकीपाशी. एका दुपारी मी वर येत होते आणि ती तिथे उभी होती. एका हातात पावडरच्या डबीचा आरसा, दुसऱ्या हातात चिमटा. मी मागे फिरणार होते. तीच म्हणाली, "या न ताई. इथं दिसते बरोबर. पार्लरच्या ट्यूबलाइटमध्ये दोन-चार सुटूनच जातात."

आणि तिने हनुवटी वर करून मला दाखवलं. काळे, जाड, ताठ केस होते. वरच्या ओठावरही होते, पण तिथले मऊ होते. तिच्या मते ओठाचं काही नसतं, ते सगळ्यांनाच असतं. हनुवटीचं खरं दुखणं.

ती लपवत होती असं लिहावं, तर तिने मला न विचारता सांगितलं होतं. लपवत नव्हती असं लिहावं, तर बाराही महिने तो दुपट्टा होता. मला अजून ठरवता आलेलं नाही.

उपायांची तिला कमतरता नव्हती. "डॉक्टर म्हणते हार्मोन हाय, वजन कमी कर. आत्या म्हणते लहानपणी डाळीच्या पिठानं घासलं नाही म्हणून. पार्लरवाली म्हणते तू वस्तरा लावला म्हणून जाड झाले. डॉक्टर म्हणते वस्तऱ्यानं काही होत नाही. आता कोणाचं खरं मानू?" वजन तिने कमी केलं. गोळ्या घेतल्या, त्यांनी मळमळायचं म्हणून सोडल्या. लेझरच्या दवाखान्यातही जाऊन आली. तिथल्या मुलीने सांगितलं की कमी होतील, पण जातीलच असं नाही. "मंग काहून सांगता लोकांले कायमचे जातात म्हणून, असं मी तिले म्हटलं. तं म्हणते, ते पाटीवर लिहिलं हाय, मी नाही म्हटलं."

तिचं काम काय होतं, हे सांगायला हवं. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निधनवार्ता, पुण्यस्मरण अशा जाहिरातींचे फोटो ती साफ करायची. लोक मोबाइलमधले, रेशनकार्डावरचे, लग्नाच्या घोळक्यातले फोटो आणून द्यायचे. ती त्यातला एक चेहरा उचलायची, मागची भिंत काढायची, पानाने लाल झालेले दात पांढरे करायची. वॉर्डातले पुढारी वाढदिवसाला सांगून जायचे, मिशी जरा भरून टाका. ती भरून द्यायची. बायकांच्या फोटोत ओठावर सावली दिसली तर न सांगता पुसून टाकायची. मिशी भरायला आणि पुसायला पडद्यावरचा ब्रश एकच होता. आमच्यापैकी कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. कोणी तक्रारही केली नव्हती.

तक्रार आली ती कुहीकडच्या एका गावातून. पन्नाशीची एक बाई सकाळी काउंटरवर येऊन उभी राहिली. तिच्या आईच्या पहिल्या पुण्यस्मरणाची जाहिरात त्या दिवशीच्या अंकात होती. एका हातात अंक, दुसऱ्या हातात मूळ फोटो. काउंटरवरच्याने तिला आत पाठवलं.

"हे कोण हाय?" बाईने अंकावर बोट ठेवून विचारलं.

"तुमची आई," आमची ही म्हणाली.

"आमची माय अशी नोती. तिले हनुवटीवर केस होते. पांढरे. मिशी बी होती थोडीशी."

"दिसले मले. म्हणूनच काढले."

"काहून काढले?"

बाई भांडायला आली नव्हती, हे मी समोरच्या टेबलावरून पाहत होते. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"आमच्या नातीनं पेपर पाह्यला अन् म्हणे, ही मोठी आजी नाही. मांडीवर घेतलं का आजीच्या हनुवटीचे केस धरूनच झोपे ते पोरगी. आता तिले मी काय सांगू? पेपरात कोण आलं म्हणून सांगू?"

"मले वाटलं, तुम्हाले बरं वाटन."

"आमाले?" बाईने जरा वेळ तिच्याकडे पाहिलं. तिच्या हनुवटीकडे पाहिलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. "तुमी चांगल्यासाठीच केलं असन, बाई. पण ते आमची माय नाही."

खुलासा छापायचं ठरलं आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. दोन ओळींचं काम. मी लिहिलं, 'नजरचुकीने'. मग खोडलं, कारण चूक नजरेची नव्हती, नजरेला सगळं नीट दिसलं होतं. 'तांत्रिक कारणामुळे' लिहिलं. तेही खोडलं. 'छायाचित्रातील मिशी अनवधानाने वगळली गेली' हे वाक्य मुख्य उपसंपादकांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, खुलासा नको, जाहिरात पुन्हा छापा.

तिने मूळ फोटो पुन्हा उघडला. या वेळी ब्रशला हात लावला नाही, फक्त मागची भिंत काढली. मग चेहरा मोठा करत करत ती हनुवटीपर्यंत आली. पडद्यावर तेवढंच उरलं. तिची दोन बोटं स्वतःच्या हनुवटीखाली होती.

"ताई, त्या आजीले माहीत होतं का, घरच्यांले हे आवडते म्हणून?"

"कसं सांगणार?"

"का ती बी चिमटा शोधत असन?"

फोटोतली म्हातारी कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती, बाजूला कोणाकडे तरी पाहत होती.

याच सुमारास तिच्या लग्नाचं चाललं होतं. ती तिशीला आली होती आणि वडिलांना, ते वाडीतल्या एका गोदामात सुपरवायझर होते, निवृत्तीच्या आत हे उरकायचं होतं. तिच्या बायोडाटावरचा फोटो तिने स्वतःच साफ केलेला होता. त्या फोटोवर दोन स्थळं येऊनही गेली होती. दोन्ही वेळा पाहुण्यांनी चहा घेतला, कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही. कारण कोणी सांगितलं नव्हतं. ती म्हणायची, मी रोज सकाळी आरशात पाहते तेच कारण असन असं नाही, ताई, दुसरं बी असू शकते. पण मले तेच आठवते.

तिसरं स्थळ भिवापूरचं होतं. घरची मिरचीची शेती, मुलाचं बियाणं-खताचं दुकान. त्यांनी फोटो मागितला. त्या दुपारी ती माझ्याकडे मोबाइल घेऊन आली.

"एक फोटो काढून द्या. जिन्यात."

ती काही दिवस पार्लरला गेली नव्हती. खिडकीचा उजेड सरळ चेहऱ्यावर पडत होता. मी फोटो काढला. त्यात सगळं दिसत होतं.

"पाठवू का?"

"तू ठरव," मी म्हटलं.

"असं तं डॉक्टर बी म्हणते," ती म्हणाली आणि माझ्यासमोर पाठवून दिला.

तरीही पाहुणे रविवारी येतो म्हणाले. इथवर सगळं सरळ आहे. पण शनिवारी संध्याकाळी ती पार्लरमध्ये गेली आणि सगळे केस काढून आली. सोमवारी हे ऐकून मी विचारलं, कशासाठी?

"मले मालूम नाही. आई रडून राहिली होती. मी म्हटलं जाऊ दे, एक दिवस. अन् खोटं काहून बोलू, त्या खुर्चीवर बसली तं बरंच वाटलं."

मग रविवारचा वृत्तान्त. मुलाची आत्या मोबाइल हातात धरून बसली होती. एकदा फोटोकडे, एकदा हिच्याकडे. शेवटी म्हणाली, "फोटोतली हेच पोरगी हाय का वं?"

हिची आई म्हणाली, "हो, हीच. फोटोत जराशी सावली पडली होती."

"अन् मी म्हटलं, सावली नाही, केस होते. काल काढले. पुन्हा येतात."

"मग?"

"मंग बाबा गोदामाच्या गोष्टी सांगू लागले. कांद्याचे ट्रक कसे अटकतात ते."

"आणि तो?"

"तो हसला."

बातमीत 'हसला' एवढं पुरत नाही. मी विचारलं, कोणाकडे पाहून? ती म्हणाली, आत्याकडे. जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, नाही, माझ्याकडे. मी विचारलं, तू बोललीस तेव्हा की बाबा कांद्याचं बोलले तेव्हा? तिने आठवून पाहिलं.

"तुम्ही पत्रकार आहा न, ताई. सांगा न, हा चांगला हसला का वाईट हसला?"

"मी तिथे नव्हते."

"मी तं होती. मले बी नाही समजलं."

आठवड्याने भिवापूरहून होकार आला. मी अभिनंदन केलं. ती खुर्ची ओढून माझ्या टेबलापाशी बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हो म्हटलं त्यानं. पण कोणाले? फोटोतल्या मले का घरातल्या मले?"

"दोन्ही तूच आहेस."

"मले माहीत हाय मीच हाय. त्याले माहीत हाय का?"

"विचार ना त्याला."

"विचारन," ती म्हणाली. बोटं हनुवटीखाली गेली होती. त्या शनिवारी काढलेल्या केसांची टोकं आता लागत असावीत.

तिने विचारलं की नाही, मला माहीत नाही. लग्नाच्या दिवशी माझी ड्युटी होती. नंतर कोणीतरी मोबाइलवर फोटो पाठवला. ती नवरीच्या मेकअपमध्ये होती आणि फोटो काढणाऱ्याच्या मोबाइलने सगळ्यांचेच चेहरे गुळगुळीत करून टाकले होते. नवरदेवाची मिशीही अर्धी गेली होती. त्या फोटोवरून काहीच निष्कर्ष काढता येत नव्हता.

लग्नानंतर तिने नोकरी सोडली आणि तिच्या जागी आमच्याकडे कोणी आलं नाही. आता फोटो टाकला की सॉफ्टवेअर स्वतःच चेहरा साफ करतं. कुहीकडची बाई पुन्हा आली, तर आत कोणाकडे पाठवायचं हा प्रश्न आहे.

मधे काही वर्षं गेली. यंदा मे महिन्यात अमरावती रोडवर सिग्नलला मी उभी होते. दुपारची वेळ. माझ्या आजूबाजूला दहा-बारा दुचाक्या आणि एकाही बाईचा चेहरा दिसत नव्हता, सगळ्या दुपट्ट्यात. डाव्या बाजूच्या मोपेडवरून आवाज आला.

"ऊन मस्त पडलं न, ताई?"

पांढरा दुपट्टा, मधे दोन डोळे. मागे एक माणूस बसला होता, त्यानेही डोक्या-तोंडाला उपरणं गुंडाळलं होतं. हाच तो भिवापूरचा, असं मी धरून चालले. त्याचा चेहरा मला तेव्हाही पाहायला मिळाला नाही. तो हसला असेल तर ते उपरण्याच्या आत.

पुढे, पाय ठेवायच्या जागेवर, एक लहान मुलगी उभी होती. गाडी थांबल्याचं पाहून ती मागे वळली, आईच्या गळ्याशी दुपट्ट्याची कड शोधली आणि मनगटापर्यंत हात आत घातला, सवयीने, न बघता. दुपट्ट्याखाली तिची मूठ हनुवटीपाशी मिटल्यासारखी दिसली.

"थांब वं, गाडी चालवू दे," आई म्हणाली. पण मुलीचा हात तिने बाहेर काढला नाही.

तिने त्याला विचारलं होतं का, हे मला विचारायचं होतं. सिग्नल सुटला, मागच्या ट्रकने हॉर्न दिला, आणि मोपेड वाडीच्या दिशेने निघाली. मुलीचा हात तसाच आत होता.