खाकरणाऱ्या मॅडम

मानसोपचाराच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी नोंदवावी अशी एक घटना पनवेलमध्ये घडलेली आहे. तिथल्या दवाखान्यात सदा फिनेलचा वास असे, तो आला की मला ती आठवते. नव्वद सालाच्या आसपास मी समुपदेशन शिकत होते. मला शिकवणाऱ्या मॅडम कोपऱ्यात बसून माझं काम बघत, आणि त्या हो म्हणेपर्यंत मला एकटीला पेशंट मिळणार नव्हते. मी चुकले की त्या खाकरत. सल्ला दिला, खाकरल्या. मान जास्त हलवली, खाकरल्या. गप्प बसले, तरी खाकरल्या! मी रडकुंडीला आले होते. एवढ्यात, इतके दिवस तोंडच न उघडणाऱ्या कोन गावच्या म्हातारीने पहिल्यांदा नवऱ्याचा विषय काढला. कोपऱ्यातून पुन्हा तोच घसा! म्हातारी गर्रकन मॅडमकडे वळली, "ओ बाय, तुमी भायेर जाऊन खोका, हिला माजं आयकू द्या!"