खडकावरचं कुंकू

सहल नीट पार पडावी म्हणून जे जे करायचं असतं ते सगळं मी त्या रविवारीही केलं होतं. गाडी वेळेवर कमानिया गेटपाशी उभी होती. पाण्याचे कॅन, औषधांची पेटी, कचऱ्यासाठी पिशव्या, गुडघे दुखणाऱ्यांसाठी काठ्या, सगळं यादीप्रमाणे गाडीत चढलं होतं. तरीही माझ्याच माणसांनी खडकावरचं ते जुनं चित्र नासवलं. याबद्दल मला अजून शांतपणे लिहिता येत नाही आणि तसा प्रयत्नही मी करणार नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या सहलींचं काम माझ्याकडे असतं. भेडाघाट झाला, चौसष्ट योगिनी झालं, एका दगडावर तोल सांभाळून बसलेला तो मोठा खडक तर जबलपुरात राहणाऱ्या प्रत्येकाचा पाहून झालेला असतो. सगळ्यांना काहीतरी नवीन हवं होतं. म्हणून मी त्यांना इतकी वर्षं स्वतःजवळ ठेवलेल्या जागी नेलं.

सिहोरा मागे टाकलं की पुढे मुख्य रस्ता सोडायचा. साग आणि मोहाच्या जंगलातून कच्ची वाट एका लहानशा गावापर्यंत जाते आणि तिथून चढ लागतो. चढ संपतो तिथे एक खडक पडवीसारखा पुढे झुकलेला आहे. त्याच्या आतल्या भिंतीवर गेरूच्या रंगाची माणसं आहेत, बोटाएवढी, हातात हात घालून एका ओळीत उभी. शेजारी एक मोठी आकृती आहे. वीतभर उंच, गोल डोक्याची, मागे अंबाड्यासारखं काहीतरी. चेहरा काढलेलाच नाही. इतिहास शिकवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी फोटो दाखवला होता. ते म्हणाले, फार जुनं असणार, आणि ही मोठी आकृती बाईची की पुरुषाची हे सांगता येत नाही.

ही जागा मला नवऱ्याने दाखवली. त्याला जंगलात भटकायचा नाद होता. तो गेल्यावर मी एकटी जायला लागले. गावातल्या शेवटच्या घरात एक म्हातारी राहते, सगळे तिला अम्मा म्हणतात. वाट तिच्या अंगणातूनच वर जाते. गावची माणसं खडकाच्या पायथ्याशी फुलं ठेवतात, चित्रांपाशी जात नाहीत. पहिल्याच वेळी अम्मा मला म्हणाली होती, "देखना, हाथ मत लगाना." मंडळाला न्यायचं ठरलं तेव्हा मी आधी जाऊन तिची परवानगी घेतली. "सबकी जिम्मेदारी तुम्हारी," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

गाडीत उभं राहून मी सगळ्यांना सांगितलं. भिंतीला हात लावायचा नाही. रंग उठून दिसावा म्हणून पाणी शिंपडायचं नाही. टेकून फोटो काढायचे नाहीत. मंडळाच्या अध्यक्षबाई पहिल्याच सीटवर होत्या. सत्तरीला आल्या आहेत, नात्याने कोणाच्या कोणी नसल्या तरी सगळ्यांच्या वहिनी. त्या प्रत्येक वाक्याला "अच्छा, अच्छा" म्हणत मान डोलवत होत्या.

दिवस संक्रांतीनंतरचे होते, घरोघरी हळदीकुंकू चालू होतं. वहिनी मलाही बोलावतात. वाण देतात, तिळगूळ देतात. कुंकवाचा करंडा मात्र माझ्या अलीकडच्या बाईकडून थेट पलीकडच्या बाईकडे जातो. मी वाटी घेते आणि घरी येते, वाटी कामाला येते. सांगायचं एवढंच की त्या दिवसांत तो करंडा वहिनींच्या पर्समध्ये कायम असतो.

चढावर एका काकूंचा पाय मुरगळला. त्यांना धरून आणेपर्यंत मी सगळ्यांच्या मागे राहिले. वर पोहोचले तर वहिनी चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन खडकाच्या अगदी आत उभ्या होत्या. तळहातावर कुंकू पाण्यात कालवलेलं. मोठ्या आकृतीच्या डोक्यावर मधोमध लाल टिकला उमटला होता. तो नुसता टिकलाही राहिला नव्हता. पाणी जास्त झाल्यामुळे ओघळ खाली आला होता आणि गेरूची रेघ कुठे संपते, कुंकू कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं. बाजूला हळदीची दोन बोटं.

"वहिनी, हे काय केलं?"

"काही नाही गं. बाईमाणसाचं कपाळ उघडं, बघवलं नाही."

"हात लावायचा नाही म्हणून गाडीत सांगितलं होतं."

"भिंतीला लावायचा नाही म्हणाली होतीस तू. मी देवीला लावला."

"ही देवी नाही. बाई आहे की पुरुष, तेसुद्धा कोणाला माहीत नाही."

"अच्छा? मग टिळा समज."

सगळ्या खळखळून हसल्या. मुरगळल्या पायाच्या काकूही हसल्या.

तेवढ्यात वहिनींची सून ओला टिश्यू काढून पुढे झाली आणि मला म्हणाली, "काकू, टेन्शन नका घेऊ, अभी निकल जाएगा." मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी घरातही कधी ओरडलेले नाही. बाजारातलं कुंकू पदराला लागलं तर साबणाने जात नाही. दगडावरून ते पुसायला गेलं असतं तर खालचा गेरू आधी निघाला असता आणि कुंकू राहिलं असतं. सून हात मागे घेऊन बाजूला सरली. मी खडकाकडे पाठ करून उभी राहिले आणि सगळ्यांना खाली उतरायला लावलं.

"काहून एवढी चिडून राहिली ही?" उतरताना कोणीतरी म्हणालं.

"जाऊ दे," वहिनी म्हणाल्या, "तिची जागा आहे ना."

हे खोटं होतं. जागा माझी नव्हती. माझी फक्त जबाबदारी होती.

अम्माला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगितलं. ती अंगणात बोरं वाळत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "अब किसी को मत लाना," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही आणणार. थोडा वेळ ती बोरं पसरत राहिली. मग म्हणाली, "तुम भी मत आना."

गाडी निघाली. वहिनींनी तिळगुळाचा डबा फिरवला, माझ्यापुढेही धरला. मी घेतला नाही. मागच्या सीटवर फोन वाजायला लागले. वहिनींनी मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला होता: हात जोडलेल्या वहिनी, मागे कुंकू लावलेली आकृती आणि वर लिहिलेलं, जंगलातल्या मातेचं दर्शन. खाली सहलीला न आलेल्यांचे लगेच प्रश्न सुरू. कुठे आहे? गाडी जाते का? आम्हालाही ओटी भरायची आहे. वहिनी उत्तर टाइप करत होत्या.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, गाडी रोको."

"दीदी, आगे ढाबा है, वहीं रोक देता हूँ."

"नहीं. यहीं."

गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. फोटो काढून टाकल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही, असं मी सांगितलं. गाडी माझ्या नावावर ठरवलेली होती, ड्रायव्हर माझं ऐकणार हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी म्हणालं, हद्द आहे. कोणी म्हणालं, घरी पाहुणे येणार आहेत. वहिनी फोन छातीशी धरून बसल्या होत्या.

"काहून काढू? देवीचा फोटो आहे, चांगला आला आहे."

"उद्या शंभर बायका नारळ घेऊन जातील तिथे."

"गेल्या तर काय झालं? पुण्यच लागेल." मग आवाज मऊ करून, पण सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "तुझं दुःख समजतं गं आम्हाला. कुंकू पाहिलं की तुला त्रास होतो."

दोघी-तिघींनी हळहळून माझ्याकडे पाहिलं.

"मला चित्र खराब झाल्याचा त्रास होतो आहे."

"तेच तर म्हणून राहिले मी."

आजही सगळ्यात जास्त चीड येते ती याची. हजारो पावसाळे टिकलेल्या गोष्टीवर एका बाईने बोट फिरवलं, तिथली वाट माझ्यासाठी कायमची बंद झाली, आणि या सगळ्यावरचा माझा राग त्यांनी उचलून माझ्या कपाळावर ठेवला. आता मी काहीही बोलले तरी ते विधवेचं बोलणं होणार होतं. म्हणून मी पुढे बोललेच नाही. ड्रायव्हरच्या मागे दांडा धरून उभी राहिले. शेवटी सुनेनेच सासूच्या हातातून फोन घेतला आणि फोटो काढून टाकला. "चलो भैया," ती म्हणाली.

वहिनींचा दुसऱ्या दिवशी फोन आला, पुढची सहल कुठे नेतेस म्हणून. नर्मदेवर तिलवाऱ्याच्या पुलावर न्या सगळ्यांना, गाडी तुम्ही ठरवा, असं सांगून मी फोन ठेवला. सहलींचं काम सोडलं.

इतिहासवाल्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, हात लावू नका, जाणकार माणूस पाहील तेव्हा पाहील. पण त्या जाणकाराला न्यायचं तरी अम्माच्या अंगणातूनच न्यावं लागेल, आणि मी तिला शब्द देऊन बसले आहे. एकदा शब्द देऊन मोडला, दुसऱ्यांदा मोडणार नाही. तो लाल ओघळ आणखी खाली उतरला, की वाळून तिथेच बसला, मला माहीत नाही. जाऊन बघता येत नाही.