मधला उठला तर?

‘मधला उठला तर?’ हे विचारल्याशिवाय आमच्या सरांच्या घशाखाली चहा उतरत नसे. चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरच्याचा चहा थंडगार होईपर्यंत बोलायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच.

दोन हजार सालच्या आसपास रत्नागिरीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एकाच विभागात होतो. सरांची पीएच.डी. चालली होती. विषय काय, तर एकाच संगणकाने सगळ्यांना व्याख्यान पाठवायचं नाही. संगणकांनी आपसांत साखळ्या जुळवून ते पुढे पोचवायचं. मेख एकच, साखळीतला मधलाच बंद पडला तर पुढच्यांना काही मिळत नाही. साखळ्या जुळवायच्या दोन पद्धती होत्याच. सरांनी तिसरी काढली आणि तिन्हींची तुलना मांडली. इथे एक ईमेल उघडायला अर्धी दुपार जायची आणि हे निघाले जगभर व्याख्यानं पोचवायला!

पावसला एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत सरांनी वाढप्याला थांबवून अळूच्या भाजीचं पातेलं हातोहात पुढे द्यायला लावलं. मधल्या एका आजोबांना ठसका लागला, ते पातेलं ठेवून उठले. पुढची सगळी पानं कोरडी. सर टाळ्या पिटत म्हणाले, ‘बघा, मधला उठला!’

‘अहो सर, माणसं जेवायला बोलावल्येत मी, प्रयोगाला नाही!’ वधूपिता कडाडला.

असल्या माणसाला विभागप्रमुखाची खुर्ची मिळणार होती. फक्त पदवी हवी होती.

मुंबईहून त्यांचे मार्गदर्शक आले. प्रबंधातल्या आलेखात तीन पद्धतींच्या तीन रेघा आणि वर चौथी. ती जुन्या, साध्या पद्धतीची, एकाने सगळ्यांना पाठवायची. आमच्या लॅबमधल्या मोजक्या संगणकांना तीच सर्वांत चांगली ठरली होती. सरांची स्वतःची पद्धत तळाला.

‘ही चौथी काढून टाका,’ मार्गदर्शक म्हणाले. ‘हिच्याशी तुलना करायला सांगितलंय कोणी?’

‘पण ती तशी आल्ये.’

‘पदवी हवीय ना तुम्हाला?’

‘हवीय हो. पण आल्ये ती आल्ये.’

मला संताप आला. बोटभर रेघ ती, आणि हा शहाणा तिच्यापायी खुर्ची सोडतोय!

प्रबंध अडकला तो अडकलाच. खुर्चीवर दुसरा बसला. सर चिपळूणच्या एका शाळेत गणित शिकवायला गेले. विभागातल्या त्यांच्या टेबलावर आता प्रिंटर असतो. मला त्यांची आठवण येते, आणि आली की स्वतःचाच राग येतो.

त्यांच्यानंतर आमच्या विभागात बरेच जण डॉक्टर झाले. प्रत्येकाची पद्धत सर्वांत सरस ठरली.