जॅकची खंडेनवमी

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आमची ब्रिजिंग कंपनी निपाणीजवळ वेदगंगेच्या काठी तंबू ठोकून होती. पूल बांधायला शिकणं हे काम. होड्या ट्रेलरवर, ट्रेलर ट्रकच्या मागं, ट्रक नदीवर. तिथं होड्या पाण्यात सोडायच्या, होड्यांवर फळ्या टाकायच्या आणि फळ्यांवरून फौज पलीकडं न्यायची. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

माझी रँक सॅपर, म्हणजे पूल-रस्त्यांच्या पलटणीतला साधा शिपाई; ट्रेड फिटर. फिटर कसा झालो ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्याचं नवल वाटणार नाही. आमचं घर बेळगावच्या खासबागेतलं, घरात कापड विणायचे चार माग. बेळगावात भरतीच्या वेळी साहेबानं विचारलं, "मशीन का काम आता है?" मी म्हणालो, "आता है, साब." माझ्या डोळ्यांपुढं माग होता, त्याच्या डोळ्यांपुढं इंजिन. दोघंही खूष झालो.

कंपनीत माझ्याकडं आला ट्रेलरचा जॅक. ट्रकपासून सोडवलेल्या ट्रेलरचं नाक ज्या लोखंडी पायावर टेकतं, तो पाय म्हणजे जॅक. आत आट्यांचा जाड दांडा, त्यावर पितळी नट, वर पिनेनं जोडलेलं हॅन्डल. हॅन्डल फिरवलं की नाक वर जातं, उलटं फिरवलं की खाली येऊन ट्रकच्या हुकात बसतं. बसल्यावर तसंच फिरवत राहायचं, मग पाय जमिनीवरून उचलला जातो. एवढंच. या एवढ्याशा कामात मी पहिल्याच आठवड्यात नाक मेजरसाहेबांच्या बिस्किटांच्या डब्यावर उतरवलं होतं. डबा रिकामा नव्हता.

माझा उस्ताद नेमगोंडा, हुद्दा नाईक. निपाणीकडचाच जैन शेतकरी, घरी तंबाखूचा मळा. विहिरीवरचं ऑइल इंजिन उघडून जोडण्यात त्याची हयात गेलेली. लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या भटारखान्यात, बटाटा-कांदा बाजूला सारायचा आणि सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचा. आट्यांवरून नख फिरवून तो जॅकची तब्येत सांगे.

"आट्यात वाळूचा कण बी ऱ्हाता कामा न्हाय. घासत्याल म्हणून घासलेट, फिरत्याल म्हणून ग्रीस. ग्रीस किती? गव्हाच्या दाण्याएवढं, पर समद्या आट्यांत. थापायची न्हाय, शंकऱ्या. ही काय पुरणपोळी न्हवं."

दर सोमवारी आम्ही जॅक पुसायचो, तपासायचो, पूर्ण वर-खाली फिरवून बघायचो. तो फिरवायचा, मी मोजायचो. माझ्याकडं मोजायचं काम दिलं की नुकसान कमी होतं, असा त्याचा अनुभव.

आली खंडेनवमी. कंपनीत हत्यारांची पूजा झाली. रायफली मांडल्या, फावडी, कुदळी, वल्ही मांडली. मी बघितलं, जॅक कुणाच्याच ध्यानात नाही. ट्रेलर तिकडं मैदानात एकटा उभा. बाकीचे ट्रेलर सरावासाठी बेळगावला गेलेले, हा एकच मागं राहिलेला. मला वाईट वाटलं. आमच्या घरी खंडेनवमीला मागाचा एक भाग कोरडा राहिला तर आई जेवायला वाढत नसे.

नेमगोंडा दुपारी झोपलेला होता. मी एकट्यानं जॅक सजवला. नवं ग्रीस भरपूर थापलं, देवाचं काम म्हणून हात आखडला नाही. त्यावर हळद, कुंकू, झेंडूची माळ आणि पसाभर अक्षता. ग्रीसवर अक्षता अशा झकास चिकटल्या की माझी छाती फुगली. आमच्या घरची आणखी एक रीत आहे. पूजा झाली की माग एकदा हलवायचा, मग दिवसभर विश्रांती. म्हणून हॅन्डल धरलं आणि जॅक एकदा पूर्ण खाली, एकदा पूर्ण वर फिरवला. अक्षता आट्यांबरोबर नटात गेल्या. देव आत गेला, असं मी समजलो.

संध्याकाळी हस्ताचा पाऊस कोसळायला लागला तो पहाटेपर्यंत. तांदळाला आणखी काय पाहिजे?

दसऱ्याच्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी निपाणीकडून एक सायकलवाला चिखलानं माखून कॅम्पात शिरला. गार्डवर मी होतो.

"साहेब कुटं हायत? नदी फुटली! पल्याडच्या मळ्यात गुऱ्हाळाच्या छपरावर माणसं चढल्यात, अकरा हायत. पाणी चढाय लागलंय!"

"कुणाचा मळा?"

त्यानं माझ्या मागं बघितलं. नेमगोंडा येऊन उभा होता.

"आण्णा," सायकलवाला म्हणाला, "तुमचाच की. आव्वा बी हायत छपरावर."

आव्वा म्हणजे नेमगोंडाची आई. खाली वाकून त्यानं बुटाची नाडी बांधली, दोनदा गाठ मारली आणि म्हणाला, "शंकऱ्या, ट्रेलर जोड."

मेजरसाहेब पायजम्यावरच बाहेर आले. ऑर्डर चार शब्दांची. "बोट. आठ आदमी. फौरन." ड्रायव्हर यल्लाप्पानं ट्रक उलटा घेऊन ट्रेलरला लावला. मी हॅन्डल धरलं, फिरवलं. फिरेना. आणखी जोर लावला. फिरेना. दोघं लटकलो, मग तिघं. एकदम हॅन्डल सर्रकन गोल फिरलं.

"सुटला!" मी ओरडलो.

"पिन तुटली," नेमगोंडा म्हणाला.

नाक हुकाच्या वीतभर वर अडकलं होतं. पाय जमिनीत रुतलेला. असा ट्रेलर ओढायचा म्हणजे दावं न सोडता बैल औताला जुंपायचा. नेमगोंडानं नटाच्या कडेवरून नख फिरवलं आणि नखावर जे आलं ते नाकाजवळ नेलं. पिवळं, पांढरं, फुगलेलं.

"ह्ये काय रं?"

झेंडूची माळ अजून हॅन्डलवर लोंबत होती, तिनं सगळं सांगितलं.

मेजरसाहेब आले. "जॅक क्यों नहीं चलता?"

"साब, पूजा किया."

"किसका पूजा?"

"जॅक का, साब."

साहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता कोर्ट मार्शल. पण मला एक कल्पना सुचली होती. लंगराकडं धावलो, चहासाठी उकळलेल्या पाण्याची किटली आणली आणि नटावर ओतली. गरम पाण्यानं ग्रीस वितळेल, दाणे सुटतील.

नेमगोंडानं किटली माझ्या हातातून काढून घेतली. "आरं, कच्चं हुतं ती बरं हुतं. आता भात शिजवाय लागलास व्हय?"

पोरं हसली. त्याही घाईत हसली. नेमगोंडा हसला नाही. तो चिखलात आडवा होऊन ट्रेलरखाली शिरला होता.

"जॅकचं चार बोल्ट खोला. आठ जणांनी बल्ली घालून नाक खांद्यावर घ्यायचं. जॅक निघाला की नाक हुकात सोडायचं. जॅक ट्रकमधी घ्या, वाटेत उघडतो."

"आणि नाही उघडला तर?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. उत्तर मलाही ठाऊक होतं. काठावरच्या चिखलात ट्रक उतरत नाही. ट्रेलर सोडवून हातानं उतारावर न्यायचा, जॅकनं नाक उंच उचलायचं, तेव्हा होडी मागच्या बाजूनं पाण्यात घसरते. जॅक नसेल तर नाक उचलून धरायलाच सगळी माणसं लागणार. मग होडी वल्हवणार कोण?

"उघडंल," तो म्हणाला.

आठ जणांनी त्या लाकडी बल्लीखाली खांदे दिले. पहिला खांदा नेमगोंडाचा. शेवटचा बोल्ट अडला तेव्हा दोघांचे पाय चिखलात सरकले आणि वजन त्याच्या बाजूला गेलं. त्याच्या तोंडातून फक्त एक शब्द आला, "लवकर." मी बोल्ट काढला. नाक हुकात बसलं. सहा चाळीसला ट्रक निघाला, मेजरसाहेब यल्लाप्पाच्या शेजारी.

आता त्या ट्रकमधलं चित्र डोळ्यांपुढं आणा. यल्लाप्पा खड्डे बघत नव्हता, फक्त रस्ता बघत होता, तोही पाण्याखाली. मागं आम्ही उड्या मारतोय. जॅक माझ्या मांडीवर, नेमगोंडाच्या हातात पाना. घासलेट ओतलं, पाना घातला, दोघांनी उलटसुलट पिळलं. कर्र झालं. पाव वेढा सुटला. मी ओरडलो. अर्धा वेढा सुटला. अख्खा ट्रक ओरडला. शेवटी नट हातात आला, तर आत कुंकवानं रंगलेला भातच भात. साखर घातली असती तर प्रसाद म्हणून वाटता आला असता.

नेमगोंडा दाभणानं नटातला एकेक दाणा काढायला लागला. पण दांड्याच्या आट्यांत ग्रीस आणि तांदूळ मिळून सिमेंटासारखा लगदा बसलेला. दाभणानं ते काम संध्याकाळपर्यंत चाललं असतं. तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, माझा माग माझ्या कामाला आला. ताडपत्रीची सुतळी तोडली, घासलेटात बुडवली, आट्याच्या खाचेत एक वेढा घालून दोन्ही टोकं धरली आणि सरासर ओढायला लागलो. इकडं, तिकडं. सुतळी खाचेच्या वाटेनं वर चढत गेली आणि मागं लोखंड चकाकायला लागलं.

"आरं, ह्ये कुटं शिकलास?"

"हात मागवाल्याचे आहेत, नाईक."

"मग ह्येच हात काल कुटं ठेवलतास?"

सात वाजून पाच मिनिटांनी नेमगोंडाच्या मळ्यासमोरचा काठ आला. वेदगंगा लाल, रुंद, झाडं वाहून नेणारी. पलीकडं पत्र्याचं छप्पर आणि त्यावर माणसांचा पुंजका. पाणी पत्र्याच्या कडेला लागलेलं. तुटक्या पिनेच्या जागी नेमगोंडानं खिळा ठोकला. आठ जणांनी नाक हुकातून उचलून ट्रेलर उतारावर नेला, मी जॅक बसवला, बोल्ट आवळले. हॅन्डल त्यानं माझ्या हातात दिलं.

"फिरव."

फिरवलं. लोण्यात सुरी फिरावी तसा फिरला! नाक वर, वर, वर. होडी मागं झुकली, घसरली आणि धप्पकन पाण्यावर बसली. मी नाचलो. खोटं कशाला सांगू, गणवेशात, चिखलात, मेजरसाहेबांसमोर नाचलो.

पहिल्या खेपेत सहा जण आले. दुसऱ्या खेपेला मीही वल्ह्यावर होतो. पाणी पत्र्यावरून वाहायला लागलेलं. चार जण होडीत उतरले. उरली नेमगोंडाची आई, नऊवारीचा पदर कमरेला खोचून, छातीशी एक करडू धरून.

"आव्वा, करडू सोड. हात दे."

"ह्येला न्हाय घेतलं तर म्या येत न्हाय. जीव हाय त्यो बी."

"आव्वा!"

"आधी ह्येला धर."

नेमगोंडानं आधी करडू धरलं. आठ वाजता सगळे काठावर. मेजरसाहेबांनी रिपोर्टात लिहिलं, माणसं अकरा, शेळी एक. म्हातारीला मी लंगरातली पुरी-भाजी दिली. तिनं विचारलं, "बटाटा हाय काय ह्येच्यात?" पुरातून आत्ता बाहेर आलेली बाई! भाजी परत गेली, गूळ-शेंगदाणे आणले. खाताना तिनं लेकाला विचारलं, "एवढा वेळ का रं लागला? पानी पायाला लागलतं."

मी जमिनीकडं बघितलं.

"जॅक अडकलता," नेमगोंडा म्हणाला. माझं नाव काढलं नाही.

त्याचा खांदा सोललेला होता. रात्रीपर्यंत शर्ट चिकटून बसला. मी माफी मागितली तेव्हा त्यानं पगाराचं पे-बुक उघडून दाखवलं. आत कागदाच्या पुडीत तांदळाचा एक पिवळा दाणा. "तुझा बाँब हाय ह्यो. म्हातारा झालास की तुझ्या नातवंडांस्नी दावनार."

पुढच्या वर्षी आम्ही ब्रह्मदेशात होतो. एका नदीवर सकाळी सात वाजता ट्रेलर काठावर लावला. जॅक मी फिरवला. कुठं अडला नाही. होडी पाण्यात गेली, दुसरी गेली. तिसरीचा दोर नेमगोंडाच्या हातात होता, तेव्हा पलीकडून मॉर्टरचा गोळा आला. सात वाजून बारा मिनिटं. दोर त्यानं सोडला नव्हता. होडी वाहून गेली नाही, त्या होडीवरून आमची माणसं पलीकडं गेली.

त्याचं सामान सुभेदारसाहेबांनी माझ्याकडं दिलं. "तू तिकडचाच. घरी पोचव."

लढाई संपल्यावर मी निपाणीला गेलो. आव्वा ओसरीवर बसली होती. शेजारणी म्हणाल्या, ही बोलत नाही कुणाशी. मी एकेक वस्तू पुढं ठेवली. घड्याळ, दाभण, पे-बुक. तिनं पे-बुक उघडलं, पुडी सोडली. दाणा तळहातावर घेतला.

"ह्ये काय?"

रस्ताभर मी ठरवत आलो होतो की हे सांगायचं नाही. पण तिच्या पायाला पाणी माझ्यामुळं लागलं होतं. सगळं सांगितलं. झेंडूची माळ, पसाभर अक्षता, साहेबाचे मिटलेले डोळे. मान खाली घालून सांगत होतो. किटली घेऊन धावलो तिथपर्यंत आलो आणि थांबलो.

"मग?" आव्वा म्हणाली. "मग त्यो काय म्हनला?"

"म्हणाला, 'आरं, कच्चं हुतं ती बरं हुतं. आता भात शिजवाय लागलास व्हय?'"

ती हसली. आधी नाकातून, मग पदर तोंडाला लावून, मग पदर तसाच डोळ्यांवर गेला. शेजारणी दारात आल्या. तिनं दाणा परत पुडीत बांधला, पुडी कनवटीला खोचली.

तेव्हापासून दर खंडेनवमीला मी खासबागेतली मागाची पूजा उरकतो आणि दुपारच्या गाडीनं निपाणीला जातो. तिचं करडू आता चांगली थोराड शेळी झालंय, दारातच शिंगं रोखून उभं असतं. आव्वा गूळ-शेंगदाणे पुढं ठेवते आणि भिंतीला टेकून बसते.

"हां," ती म्हणते. "त्यो काय काय बोलला, ती समदं सांग. सुरवातीपासनं."