कंसातली सव्वातीन जीबी

मेडशीचे एक मामा भर दुपारी लग्नपत्रिका हातात घेऊन आमच्या घरापुढच्या ओट्यावर येऊन उभे राहिले, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. नवरीचे सख्खे, थोरले मामा. त्यांनी पत्रिका उघडून माझ्यापुढे धरली आणि एवढंच विचारलं, "बाई, याच्यात मी कुठी हाव?"

मी पाहिलं. मधले मामा होते. धाकटे मामा होते. एक चुलतमामासुद्धा होते. थोरले नव्हते.

कामरगावात मी गेली बावीस वर्षं घरबसल्या टायपिंग करते. लग्नाच्या पत्रिका, तेरवीच्या पत्रिका, बचत गटांचे अर्ज. मी फाईल तयार करून द्यायची, कारंज्याच्या छापखान्यानं छापायची. पत्रिकेतली कविता चुकली तर कोणाच्या लक्षात येत नाही. मुहूर्त चुकला तरी फोन करून सांगता येतं. पण 'आपले विनीत'च्या खालचं एक नाव गळलं, की दोन घरांचं बोलणं बंद होतं. ही पत्रिका करताना नेमका नावांच्या यादीतच संगणक अडकला होता. बाण हलेना, काही उमटेना. शेवटी बटण दाबून बंद केला, परत सुरू केला आणि अर्धी यादी घाईघाईनं पुन्हा टाईप केली. त्या घाईत थोरले मामा मागं राहिले.

"मामा, कॉम्प्युटरनं खाल्लं नाव," मी म्हणाले.

"त्याले माहंच सापडलं काय खायले?"

शेवटी वाटायच्या राहिलेल्या पत्रिकांवर मामांच्या नावाची छापील चिठ्ठी चिकटवून द्यायचं ठरलं, तीही सगळ्या मामांच्या वर. चिठ्ठीमुळं ते नाव इतकं उठून दिसायला लागलं, की दुसऱ्या दिवशी मधल्या मामांचा फोन आला.

हे सगळं आमच्या घरातले सर आतल्या खोलीतून ऐकत होते. सर म्हणजे माझा नवरा. हायस्कूलमध्ये गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. गाव त्यांना सर म्हणतं आणि लिहिताना मलाही तेच सोपं जातं. निवृत्तीनंतर त्यांच्यापुढं रोज सकाळी एकच प्रश्न असायचा, की आज कोणाला काय समजावून सांगावं. मामा गेले आणि त्यांना विषय मिळाला.

"तुह्या कॉम्प्युटरची मेमरी कमी पडून राह्यली," ते म्हणाले. "दोन जीबीवर आजकाल काही चालत नाही. आठ टाकू. दहा मिनिटाचं काम हाय."

संगणक माझा दुसरा, चौदा वर्षांचा. सरांनी आजवर तो फक्त बाहेरून पाहिलेला. पण शाळेत संगणकाचा तास सुरू झाला, तेव्हा तो विषय त्यांच्याकडंच होता आणि पुस्तकातल्या चित्रावरून त्यांनी पाच-सहा तुकड्या पास केल्या होत्या. त्यामुळं आत्मविश्वासाची कमी नव्हती. दुसऱ्याच दिवशी ते जीपनं कारंज्याला गेले आणि आठ जीबीची रॅम घेऊन आले. बोटभर रुंदीची हिरवी पट्टी, खालच्या कडेला सोनेरी दात.

संगणकाचा डबा त्यांनी ओट्यावर सतरंजी घालून आडवा ठेवला, एका बाजूचं झाकण काढलं आणि मला स्क्रू धरायला बसवलं. जुनी पट्टी निघाली. नवी बसेना. पट्टीच्या खालच्या कडेला एक लहानशी खाच असते आणि स्लॉटमध्ये तसाच एक उंचवटा. खाच उंचवट्यावर आली तरच पट्टी आत जाते. इथं खाच एकीकडं आणि उंचवटा दुसरीकडं. सरांनी पट्टी उलटी करून पाहिली. परत सुलटी केली. मग अंगठे ठेवून उकिडवे बसले आणि जोर लावायला लागले.

"अहो, मोडन ना थे!"

"कंपनीनं खाच चुकीच्या जागी पाडली," सर म्हणाले. "कानस आन बरं."

कानस कुठं आहे ते मला माहीत होतं. मी सापडत नाही म्हणून सांगितलं.

कारंज्याच्या दुसऱ्या फेरीला मी सोबत गेले. मला छापखान्यात काम होतंच. शिवाय मनातून वाटत होतं, की दुकानदाराची बाजू ऐकावी. जुनी पट्टी मी हातरुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. ते दुकान म्हणजे एका जैन कुटुंबाची पिढीजात कापडपेढी. अर्ध्या भागात साड्या आणि ड्रेसचं कापड, अर्ध्या भागात आता संगणकाचे भाग, चार्जर, प्रिंटरची शाई. कापडाकडं थोरले भाऊ, संगणकाकडं धाकटे. धाकटे म्हणजेही पंचेचाळिशीचे गृहस्थ, कपाळाला केशराचा टिळा. आम्हाला पाहताच गल्ल्यावरून उठले आणि सरांच्या पाया पडले. सरांचे विद्यार्थी निघाले.

मी रुमाल सोडला. त्यांनी जुनी पट्टी हातात घेतली, एकदा पाहिली आणि हळूच खाली ठेवली. "ही जुन्या पिढीची हाय सर. तुमी नेली थे नवी. याच्यात थे बसतच नाही."

"मंग कालच काहून नाही सांगतलं?" सरांचा आवाज वर्गातला झाला.

"मी इचारलं होतं सर. म्हनलं, जुनी पट्टी आनली काय, मशीन कोनत्या साली घेतली." ते माझ्याकडं बघून ओशाळं हसले. "सर म्हनले, तू मले शिकवतं काय. मंग मी देऊन टाकली."

सर साड्यांकडं पाहायला लागले.

दुकानदारांनी नवी पट्टी परत घेतली आणि आतून जुन्या पिढीच्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या शोधून आणल्या. बांधून देता देता सहज गप्पा मारल्यासारखं मला म्हणाले, "काकू, मी दहावीत होतो तवा सरनं आमच्या बाबूजीले घरी येऊन सांगतलं होतं. याले दुकानात बसवा, याच्या डोक्यात काही राह्यत नाही. बाबूजीनं बसवलं. आता सत्तावीस वर्स झाले मेमरी इकून राह्यलो."

बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता. उलट कृतज्ञताच होती आणि त्यामुळं ते ऐकणं जास्त कठीण गेलं. त्यांनी आम्हाला पन्हं पाजलं, जीपपर्यंत सोडायला आले आणि सरांना मागच्या सीटवर जागा करून द्यायला ड्रायव्हरला सांगितलं.

 अर्ध्या रस्त्यात सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी खरंच म्हनलो असन काय तसं?"

"म्हनले असान. तुमी सगळ्यांलेच म्हनत होते."

"त्याच्या बापासमोर म्हनायले नोको होतं," ते म्हणाले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. त्यांनी आपली चूक कबूल करण्याचा हा तिसरा प्रसंग असावा. पहिले दोन मला नक्की आठवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सतरंजी, पुन्हा स्क्रू. या वेळी खाच उंचवट्यावर बरोबर आली. सरांनी दोन्ही पट्ट्या बसवल्या, वायरी जोडल्या आणि मला बटण दाबायचा मान दिला. मी दाबलं. पंखा घरघरला, पडदा काळाच राहिला आणि डब्यातून एक लांबलचक टूंऽऽ असा आवाज आला. थांबला. परत टूंऽऽ. सरांनी वही काढून आवाज किती सेकंद चालतो, मध्ये किती थांबतो, याची नोंद केली. सात नोंदी झाल्यावर निरीक्षण संपलं, निष्कर्ष निघेना.

"फोन लावा त्याले," मी म्हणाले.

"नवीन पट्टीच खराब असन."

"थेच इचारा."

त्यांनी फोन माझ्याकडं दिला. मी लावला आणि आवाज मोठा करून सतरंजीवर ठेवला. पलीकडून दुकानदारांनी थोडा वेळ नुसता टूंऽऽ ऐकला.

"मेमरी सापडून नाही राह्यली त्याले," दुकानदार म्हणाले. "सर, आधी मेन वायर काढा. बटन दाबून धरा दहा सेकंद. आता डब्याच्या पत्र्याले हात लावा. लावला काय?"

"लावला," सर म्हणाले.

"दोनी पट्ट्या काढा. आत कसं दिसते? धूळ हाय काय लय?"

आता मी वाकून नीट पाहिलं. आमच्या घराला लागून पिठाची गिरणी आहे. भिंत एकच आणि माझी टायपिंगची खिडकी गिरणीच्या दाराकडं उघडते. चौदा वर्षांचं पीठ त्या डब्यात बसलं होतं. पंख्याच्या पात्यांवर पांढरे थर, त्यावर पिवळट. ज्या दिवशी गिरणीत डाळ दळली असेल तो दिवसही त्यात होता. आतला मोठा पंखा तर पुरणाच्या लाटीसारखा भरलेला. स्लॉटच्या चिरेत बोट फिरवलं, तर बोटाला पीठ लागलं.

"पोळ्या होतीन," मी फोनमध्ये म्हणाले.

पलीकडं हसण्याचा आवाज आला. मग त्यांनी क्रमानं सांगायला सुरुवात केली. कोरड्या ब्रशनं सगळं पीठ काढा. ओलं फडकं नोका लावू. लिहिण्याचं खोडरबर घ्या, पट्टीचे सोनेरी दात त्यानं हलक्या हातानं घासा, कचरा फुंकू नोका, थुंकी उडते, ब्रशनं झाडा. सर करत गेले. मधूनच, "झालं," म्हणाले, की पलीकडून शांतपणे यायचं, "परत एकदा करा सर, दुसरी बाजू राह्यली असन." आणि खरंच राहिलेली असायची.

खोडरबर घेऊन मांडी घालून बसलेला माझा नवरा मी पहिल्यांदाच पाहत होते. एरवी ते दुसऱ्यांना खोडायला लावत.

"आता एकच पट्टी लावा, पहिल्या घरात. दोनी अंगठ्यानं सारखं दाबा. दोनी बाजूचे खटके वाजले पायजे. वाजले काय?"

"एक वाजला."

"मंग बसली नाही सर. काढा. परत."

तिसऱ्या वेळी टक-टक असे दोन आवाज आले. मी बटण दाबलं. डब्यातून एकच आखूड टूं आला, पडद्यावर उजेड पडला आणि त्यावर अक्षरं सरकायला लागली. मग बंद करून दुसरी पट्टी तशीच बसवली. तीही लागली. फोनमधून दुकानदारांनी विचारलं, "झालं काय सर?" सर म्हणाले, "झालं." आणि थोडं थांबून, "शाब्बास."

 मग, "ठेवतो सर," म्हणून दुकानदारांनी घाईनं फोन ठेवून दिला.

संगणक खरंच सुधारला. आवाज कमी झाला, फाईल पटकन उघडायला लागली, यादीच्या मध्ये अडकणं थांबलं. संध्याकाळी सरांनी पडद्यावर मेमरीची माहिती उघडून दाखवली. तिथं आठ जीबी लिहिलेलं होतं. पुढं कंसात आणखी काहीतरी होतं. सर आठवर बोट ठेवून उठले आणि गिरणीवाल्यांना सांगायला गेले. मी कंस वाचला. बसवलेली आठ, त्यातली वापरता येण्याजोगी सव्वातीन.

जन्मभर पोरांना कंचेभागुबेव घोकायला लावणारा, कंस आधी सोडवा म्हणून छडी आपटणारा माणूस कंस सोडून उठला होता. ही गंमत सांगायला घरात दुसरं कोणी नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सर दूध आणायला गेलेले पाहून मी दुकानदारांना फोन केला.

"हो काकू," ते म्हणाले. "तुमच्या मशीनमधली विंडोज बत्तीस बिटवाली असन. थे जास्तीची मेमरी पाहूच शकत नाही. चौसष्टवाली टाकून देतो म्हना, पन तुमचा जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम त्याच्यावर चालन याची गॅरंटी नाही."

बावीस वर्षांच्या पत्रिका त्याच प्रोग्राममध्ये आहेत. माझी बोटंही त्यातच आहेत.

"मंग हे फास्ट कायनं झालं?"

"थोडं मेमरीनं. बाकी तुमी पीठ काढलं ना, म्हनून. पंखा बंद पडल्यासारखाच असन, गरम होऊन हळू चालत होतं." मग ते म्हणाले, "मले आधी इचारायले पायजे होतं. एक पट्टी वापस आना. पन सरले सांगू नोका काकू. आठ दिसते ना तिथं, मंग आठच."

मी सांगितलं नाही. पट्टीही परत नेली नाही. ती काढायची म्हणजे कारण सांगावं लागलं असतं. सर येईल-जाईल त्याला आठ जीबीची गोष्ट सांगत राहिले आणि मी मान हलवत राहिले. छत्तीस वर्षांच्या सवयीनं ते मला सोपं गेलं.

दोन-अडीच महिने गेले. एक दिवस सरांचे शाळेतले जुने सहकारी आसेगावहून आले. त्यांच्या घरचा संगणकही असाच अडकत होता. दोघं ओट्यावर बसले होते आणि मी आत खिडकीपाशी टायपिंग करत होते. सहकारी म्हणाले, "मीही आठ टाकून घेतो म्हंतो."

"घाई नोको करू," सर म्हणाले. "आधी विंडोज किती बिटची हाय थे पाय. बत्तीस असन तर चारच्या वर काही उपयोग नाही. कितीही टाक, कंसात सव्वातीनच दिसते."

माझी बोटं थांबली. टायपिंगचा आवाज बंद झाल्याचं बाहेर ऐकू गेलं असावं, कारण सरही मध्येच थांबले. मग त्यांनी विषय बदलून तुरीवर नेला.

 पाहुणे गेल्यावर सर आत येऊन माझ्या खुर्चीमागं उभे राहिले.

"तुले कवापासून माहीत हाय?"

"लावली त्याच दिवसापासून. अन् तुमाले?"

"दुसऱ्या दिवशी कंस वाचला," सर म्हणाले. "पन तू एवढी खुश होती, मंग म्हनलं, कायले सांगा."