मोजणीच्या दिवशी आमचा सराव

खो-खो मला माझ्या थोरल्या भावाने शिकवला, आणि आमच्या क्लबचं मैदान बिल्डरला द्यायचं हेही त्यानेच ठरवलं. तो क्लबचा अध्यक्ष. मैदानावर सात मजली इमारत, तिच्या तळमजल्यावर क्लबला एक हॉल. "आता सगळे मॅटवर खेळतात गं, मातीत कोण लोळतंय?" असं तो माझ्याच घरी चहा पिताना म्हणाला. मी कप उचलून नेला. चहा अर्धा शिल्लक होता.

आमच्या पंचवटीत मुलींना सूर मारायला, मोठ्याने ओरडायला, मातीत पडायला दुसरी मोकळी जागा कुणी दाखवावी मला. मंगल कार्यालयं हवी तेवढी दाखवतील.

विरोध करायचा तर सभेत मत हवं, आणि मत फक्त सभासदाला. मी या क्लबकडून वर्षानुवर्षं खेळले, ढाली आणल्या, त्या अजून ऑफिसच्या कपाटात आहेत. पण सभासद मुलांनाच करायचे. मुली काय, लग्न होऊन जाणार! मी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले. माझं मत नाही, आणि कपाळाला कधी त्या मैदानाची माती न लागलेल्या माणसांनी हात वर करून ठराव पास केला. तेव्हा माझं डोकं फिरलं, ते अजून फिरलेलंच आहे.

बिल्डरसाठी मैदानाची मोजणी कधी आहे ते कळलं, तसे मी जुन्या मैत्रिणींना फोन लावले. मोजणीच्या दिवशी एक ओझरहून आली. एक घोटीहून, तांदळाचं दुकान सुनेवर सोपवून. रोज सरावाला येणाऱ्या मुली होत्याच. आम्ही म्हाताऱ्या गुडघ्यांना पट्टे बांधून चौकोनांत बसलो आणि खेळ सुरू केला. खो मिळाल्यावर आम्हाला उठायला इतका वेळ लागायचा, की समोरची पोरगी पळायची सोडून आमची वाट बघत उभी राहायची. हसून हसून पुरेवाट झाली.

तेवढ्यात मोजणीवाला आला. सोबत बिल्डरचा माणूस आणि दादा. मोजणीवाल्याने टेपचं टोक धरलं आणि बूट घालून सरळ मैदानात पाऊल टाकलं.

"ए, थांब! खेळ चालू आहे, दिसत नाही?" दादा ओरडला. "बाहेरून जा."

खेळ चालू असताना मैदानातून कुणी जायचं नाही, ही आमच्या क्लबची शिस्त. ती दादानेच लावली होती. एकदा बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनाही त्याने डाव संपेपर्यंत कडेला उभं केलं होतं.

"साहेब, मोजायचं तर आतूनच आहे ना?" मोजणीवाला म्हणाला.

"डाव संपू दे मग," दादा बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं.

"आमचा डाव आज संपायचा नाय, दादा," घोटीची मैत्रीण बसल्या जागेवरून म्हणाली. "लय वर्सांनी बसलेय, आता उठवतंय कोण मला?"

ऊन उतरलं. बिल्डरचा माणूस गाडीत जाऊन बसला. शेवटी दादाने मला हात करून कडेला बोलावलं.

"असं किती दिवस चालवणार?" त्याने विचारलं. त्याचा आवाज पडला होता. "ठराव झालाय. आता माझ्या हातात काही नाही."

"आहे," मी म्हटलं. "मोजणीवाल्याला कशाला पुढे करतोस? तू अध्यक्ष आहेस. आमचा खेळ चालू आहे. त्या मुलींच्या मधून तू चालत जा, मी सगळ्यांना उठवते आणि घरी जाते."

मी हे मनापासून म्हटलं होतं. तो गेला असता तर मी खरंच उठवलं असतं सगळ्यांना, आणि त्याच्याशी पुन्हा कधी बोलले नसते.

तो आखलेल्या रेषेपाशी गेला. समोर मुली पळत होत्या. बराच वेळ तो नुसता उभा राहिला. त्याचा पाय उचलला नाही.

मैदानाची मोजणी अजून झालेली नाही.