आम्ही दादांची गिटार दुरुस्त केली

गुजरातेत मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात माझं काम टाइल वाजवून बघायचं. भट्टीतून आलेली टाइल उभी धरायची आणि लाकडी मुठीनं हलकं टोकायचं. चांगली असली तर खणकन वाजते, आतून चिरलेली असली तर बद्द. चीर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. हे काम मला दिलं तेव्हा सुपरवायझरनं विचारलं, कुठं शिकलास? मी म्हणालो, आमच्या गावी, पिंगळीला, मोटार वायंडिंगच्या दुकानात. तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करायलोय.

ते दुकान दादांचं होतं. आसपासच्या शिवारात विहिरीवरची मोटार जळाली की ती दादांकडं यायची. दिवसभर ते मोटारीत तांब्याची तार भरायचे आणि संध्याकाळी त्याच दुकानात गिटार वाजवायचे. सोबत तिघं. गाणारे जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, मोठी जाड तारांची गिटार, म्हणजे बेस, वाजवणारे टमटम चालवायचे आणि ड्रमवाल्यांचं कटिंगचं दुकान होतं. लग्नात वाजतो तो बाजा. ह्यांना आम्ही बँड म्हणायचो. ते वाजवतात त्याला रॉक म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. गुरुजी लिहायचे ती गाणी आपल्याकडचीच असायची. एक येलदरी धरणाचं गेट उघडतं तेव्हाचं, एक चुकलेल्या पॅसेंजरचं, एक नुसतं उन्हाचं.

मी पहिल्यांदा दुकानात गेलो तो दुसऱ्याची मोटार घेऊन. आठवीतच माझी शाळा सुटली होती. दर साली दिवाळीनंतर आई-बापासंगं ऊसतोडीला जायचो, परत येईपर्यंत वर्ग पुढं निघून गेलेला असायचा. मग एका साली मी गेलोच नाही वर्गात. सतरा-अठराचा झालो तेव्हा एका बागायतदाराकडं कामाला होतो, त्याची मोटार बैलगाडीत घालून आणली. दादांनी मोटारीचा शाफ्ट हातानं फिरवला, पेचकसाचं टोक मोटारीला लावलं आणि मूठ माझ्या कानाला.

"काय ऐकू यायलंय?"

"खरखर."

"कुठं? इकडल्या बाजूला का तिकडल्या?"

मी बोट दाखवलं. त्यांनी उघडून बघितलं तर त्याच बाजूचं बेरिंग गेलेलं. ते म्हणाले, "कान हाय रे तुला. जपून वापर." माझ्याकडं काही हाय असं तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी गेलोच नाही परत. बैलगाडी तिथंच सोडून ऐकत बसलो. बागायतदारानं दुसऱ्या दिवशी शिव्या घातल्या, त्याचं काही वाटलं नाही. दादांच्या स्पीकरचा कागद फाटका होता, त्यामुळं गिटारीचा आवाज कडेनं जरा चिरकायचा. आणि त्याच्या खाली, दादांनी तार छेडायच्या आधीपासून, एक घूं असायची. सलग. गोठ्यात म्हशीला पाठ टेकून उभं राहिलं की तिचं रवंथ जसं अंगाला जाणवतं, तशी ती आधी पायाला लागायची, मग कानाला. मग दादा पहिली तार ओढायचे. पत्र्याच्या शेडमध्ये येलदरीचं पाणी शिरल्यासारखं वाटायचं. आम्ही दहा-बारा जण बाहेर उकिडवे बसलेले, कुणी कुणाशी बोलायचं नाही. मी मोठी माणसं देवळात गप होताना बघितली होती, दुकानात गप होताना तिथंच बघितली.

ती घूं कशानं यायची ते दादांनी एकदा सांगितलं होतं. गिटारीत तारांच्या खाली तारेचा आवाज पकडणारी कॉइल असते. त्यांनी जुनीच गिटार घेतली होती, तिची कॉइल मेलेली. मग दादांनी पंख्यात भरायच्या बारीक तारेनं ती स्वतःच भरली. "मोटार भरणाऱ्याच्या हातची हाय, मोटारीसारखीच घुमणार," असं म्हणून ते हसायचे. लय दिवस मला वाटायचं, गिटार अशीच वाजते आणि सिनेमातल्या गिटारी बिघडलेल्या असतात.

मागच्या साली दादा गेले. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, पंधरा दिवसांत खेळ आटोपला. चाळिशीसुद्धा नव्हती. मला फोन आला तेव्हा मी मोरबीला, कारखान्याच्या लाइनवर होतो. सुट्टी मिळाली नाही. त्या दिवशी चिरलेल्या टाइला माझ्या हातून पास झाल्या, मला ऐकूच आल्या नाहीत.

नंतर कळलं की गुरुजींनी गाणं सोडलंय. बँड तर बंदच, पण शाळेत प्रार्थनेला सुद्धा ते नुसते उभे राहतात, ओठ हलवत नाहीत. आमचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, बँड ऐकणाऱ्यांचा. कुणी पुण्याला, कुणी सुरतेला, बरेचसे गावातच. ठरलं की वर्षश्राद्धाच्या दिवशी शाळेच्या मैदानावर दादांची गाणी करायची आणि काही झालं तरी गुरुजींना उभं करायचं. ते त्या दिवशी गायले नाहीत तर पुन्हा कधी गाणार नाहीत, असं बेसवाल्यांनी स्पष्ट लिहिलं. नांदेडचा एक चांगला गिटारवाला फुकट यायला तयार झाला. तो दादांच्याच गिटारीवर वाजवणार होता.

आणि मी लिहिलं, "दादांची गिटार आधी नीट दुरुस्त करून घ्या. एवढ्या लोकांसमोर ती घूं-घूं बरी दिसत नाही."

एकानं लगेच टाकलं, "मोरबीचे साहेब बोलले." पण पटलं सगळ्यांना. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, गिटार देताना एवढंच म्हटलं, "त्यांनी कुणाला हात लावू दिला न्हाई तिला. न्या, पण जशी हाय तशी आणा." आमच्या लोकांनी ती मोठ्या शहरातल्या दुकानात दिली. नवी कॉइल, नवी वायर, घूं शिरू नये म्हणून आतून पत्रा मारून घेतला. फोटो आला तेव्हा मला भरून आलं. आपण दादांसाठी काहीतरी केलं, असं.

चार दिवसांची सुट्टी मिळाली. पुढची गाडी चुकेल, पोचेपर्यंत कार्यक्रम होऊन जाईल, असले विचार रस्ताभर. परभणीला उतरून पॅसेंजर धरली आणि पिंगळीला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मैदान भरलेलं. पुढं सतरंजीवर बायका, त्यात वहिनी. टमटमवाल्या बेसवाल्यांनी मला लांबूनच हात केला.

नांदेडवाल्यानं गिटार लावली. मोबाईलवर सूर बघून एकेक तार पक्की केली. मग त्यानं येलदरीच्या गाण्याची सुरुवात वाजवली. एकही चूक नाही. आवाज घासून पुसून ठेवलेल्या भांड्यासारखा. माझ्या बाजूला बसलेला दोस्त म्हणाला, "साफ आलाय की राव आवाज." म्हणाला खरा, पण त्याचं तोंड काही वेगळंच सांगत होतं.

गुरुजींची जागा आली. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. नांदेडवाला पुन्हा सुरुवातीला आला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गुरुजींनी हात वर करून त्याला थांबवलं.

"सूर देऊ का सर?" त्यानं एक तार छेडली.

"हा न्हाई."

"सर, हाच आहे. मोबाईलवर बघा, बरोबर दाखवायलाय."

"मंग मोबाईललाच गाऊ द्या," गुरुजी म्हणाले आणि स्टेजच्या कडेला पाय सोडून बसले. चिडून नव्हे. चालून चालून दमलेला माणूस बांधावर बसतो, तसे. मैदानातलं पाचशे माणूस माना उंचावून बघायला लागलं.

मला कळलं होतं. टाइल हातात घ्यावी आणि टोकायच्या आधीच समजावं, तसं कळलं. मी बायकांच्या कडेकडेनं स्टेजमागं गेलो, बेसवाल्यांना म्हणालो, "अण्णा, माझी चूक हाय."

"कशाची?"

"ती घूं. मीच काढायला लावली."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग गिटारीकडं, मग कपाळाला हात लावला. "आयला. दादा तिच्यावरच लावायचा की रे." मग ते मला सांगायला लागले, भरभर, जसं त्यांनाच आठवत होतं. कार्यक्रमाच्या आधी दादा गिटारीची वायर काढायचे, तिच्या टोकाच्या पिनेवर अंगठा ठेवायचे. स्पीकरमधून घूं यायची, लाइटीची. त्या घूंला ते तारा लावायचे. गुरुजींना सूर असा कुणी दिलाच नव्हता कधी. ते त्या घूंमध्ये उभे राहायचे आणि गायचे. आम्हाला जो दोष वाटला, तो त्यांचा तंबोरा होता.

बेसवाल्यांनी मला स्टेजवर ओढलं, एक जादाची वायर स्पीकरला जोडली आणि दुसरं टोक माझ्याकडं केलं. "धर अंगठ्यात."

"करंट लागंल का?"

"भट्टीपाशी ऱ्हातोस आन् ह्याला भेतोस? धर."

मी डोळे मिटून धरलं. काही लागलं नाही. पण स्पीकरमधून ती आली. पायाखालच्या फळ्यांतून आधी, मग अंगभर. मी अंगठा दाबला की मोठी, सैल सोडला की बारीक. दुकानात बसून जी वर्षानुवर्षं ऐकली ती माझ्या हाडातून निघायली होती, आणि मला भीती वाटावी की पाया पडावं हे समजेना. डोळे उघडले तर वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. मागच्या रांगेतले म्हातारे कानाला हात लावून बघत होते. कुणीतरी हळूच म्हणालं, "आला की."

नांदेडवाला थोडा वेळ ऐकत राहिला. मग मोबाईल खिशात टाकला. "हा तर दोन सुरांच्या मधलाच कुठला तरी सूर आहे," तो म्हणाला. एकेक खुंटी जराशी पिळून त्यानं सगळ्या तारा तिथं आणल्या. मान खाली घालून, कान लाकडाला लावून. तेव्हा पहिल्यांदा तो मला दादांसारखा दिसला.

त्यानं सुरुवात वाजवली. गुरुजी उठले नाहीत. पाय सोडून बसलेले होते तसेच बसून, कुणाकडं न बघता, त्यांनी पहिली ओळ उचलली. वर्षभर न वापरलेला गळा, सुरुवातीला गंजल्यासारखा लागला. पण जागा चुकली नाही. दुसऱ्या ओळीला धरणाचं गेट थोडं वर गेलं, तिसरीला अजून, आणि मग सगळं पाणी एकदम सुटलं. मी लहानपणी येलदरीला ते बघितलंय, माणसं मागं सरकतात. इथं कुणी सरकलं नाही. पाचशे माणूस पुढं झुकलं. ड्रमवाले रडत होते आणि वाजवत होते, दोन्ही एकदम, ताल न सोडता. दादा होते तेव्हा मला वाटायचं आवाज त्यांच्या बोटांत आहे. मग वाटलं कॉइलमध्ये आहे. त्या संध्याकाळी तो कुठं आहे ते मला सांगता आलं नसतं, आजही येत नाही.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. अंगठ्याला मुंग्या आल्या होत्या, मी पीन सोडायला लागलो.

गुरुजींनी मान वळवली. घोटभर पाणी प्यायले, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि माझ्या अंगठ्याकडं बघून म्हणाले, "सोडू नकोस रे. पॅसेंजरचं ऱ्हायलंय अजून."